विशेष मुलांची ओळखपट्टी: काय कोरायचं, कुठे बांधायचं, सवय कशी लावायची

रस्त्याच्या कडेला एकटंच उभं असलेलं आठ वर्षांचं मूल. कुणीतरी थांबून विचारतं, "तुझं नाव काय?" मूल गप्प. नाहीतर विचारलेलाच प्रश्न जसाच्या तसा परत म्हणतं. ओळखपट्टी असते ती या क्षणासाठी. ती वाचणारा माणूस अनोळखी असतो, गोंधळलेला असतो आणि बऱ्याचदा त्याचा चष्मा घरी राहिलेला असतो. पट्टी निवडताना त्याचा विचार करायचाच, पण त्याआधी मुलाच्या कातडीचा. कारण पट्टी वाया जाते ती बहुधा दोन कारणांनी: मुलानं ती काढून टाकलेली असते, नाहीतर तिच्यावरचा फोन लागत नाही.

'पेडियाट्रिक्स' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात २०१२ साली पालकांची एक पाहणी छापून आली. ऑटिझम असलेल्या मुलांपैकी ४९ टक्के मुलांनी वयाच्या चौथ्या वर्षानंतर एकदा तरी घरातून किंवा सुरक्षित जागेतून निघून जायचा प्रयत्न केला होता. काळजी वाटावी इतका वेळ बेपत्ता झालेल्यांपैकी ६५ टक्के मुलं वाहनांच्या, तर २४ टक्के मुलं बुडण्याच्या धोक्यात सापडली होती. पट्टीच्या दृष्टीनं यातून एक सरळ गोष्ट निघते: ती भिजणारच. कागदावर शाईनं लिहून प्लास्टिकच्या खिशात सरकवलेलं कार्ड इथे चालत नाही.

आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट असू दे. पट्टी मूल शोधून देत नाही. सापडलेल्या मुलाला घरी पोचवते. शोधण्याची साधनं वेगळी आहेत, त्यांच्याकडे शेवटी येऊ.

पट्टीवरचा मजकूर

मनगटावरच्या पट्टीत चार-पाच ओळी बसतात. त्या वाचणारे तीन जण: वाटेवरचा माणूस, पोलीस आणि रुग्णवाहिकेतला कर्मचारी. वाटेवरच्या माणसाला फोन नंबर हवा असतो. मूल सांगितलेलं का ऐकत नाही, हे पोलिसाला कळायला हवं. रुग्णवाहिकेतल्या माणसाला उपचार बदलेल अशी गोष्ट आधी दिसली पाहिजे.

म्हणून पहिला प्रश्न हा: मुलाला ऑटिझमशिवाय असं काही आहे का, ज्यामुळे डॉक्टर वेगळं वागतील? फिट्स, जीवघेणी ॲलर्जी, टाइप १ मधुमेह, रक्त न गोठण्याचा विकार, मेंदूत बसवलेला शंट (साचलेलं पाणी काढणारी नळी), कॉक्लियर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं यंत्र), रोज स्टिरॉइड घ्यावं लागेल असा ॲड्रिनल ग्रंथींचा आजार. यातलं काहीही असेल तर ते पहिल्या ओळीत, ऑटिझम त्याखाली. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाच्या मानेचे मणके अस्थिर असल्याचं निदान झालं असेल तर 'मान अस्थिर' हे दोन शब्द कोरून घ्या, कारण अपघातानंतर त्याला उचलण्याची पद्धतच बदलते. स्पायना बायफिडा (पाठीच्या कण्यातला जन्मजात दोष) असलेल्या मुलांत लॅटेक्सची ॲलर्जी बरीच आढळते. ती असेल तर तीही लिहा.

औषधाचा डोस कोरू नका. मुलांचे डोस वजनावर ठरतात आणि वजन वाढतं. रक्तगटाचा हट्टही सोडून द्या. रक्त चढवण्याआधी रुग्णालय स्वतः तपासणी करतं, पट्टीवर विसंबून कुणी रक्त देत नाही. ती जागा दुसऱ्या फोन नंबरला द्या.

नुसतं 'ऑटिझम' लिहून भागत नाही. तो शब्द वाचून काय करायचं हे कित्येकांना कळत नाही. त्याखाली वागण्याबद्दलची एक ओळ हवी, आणि ती तुमच्याच मुलाची हवी: 'बोलत नाही', 'पाण्याकडे धावतो', 'हात धरल्यावर घाबरते', 'रस्त्याचं भान नाही'. मुलाला एकटं सोडलं तर सर्वांत आधी काय बिघडेल, त्याचं उत्तर म्हणजे ही ओळ.

एक नमुना, फिट्स येणाऱ्या आणि न बोलणाऱ्या मुलासाठी:

फिट्स येतात
ऑटिझम, बोलत नाही
आईला फोन करा
(पहिला नंबर)
(दुसरा नंबर)

नाव मागच्या, कातडीला टेकणाऱ्या बाजूवर. समोरून नाव दिसलं की कुणीही ओळखीचा असल्यासारखी हाक मारू शकतो. आणि तिथे कोरायचं नाव म्हणजे शाळेच्या दाखल्यावरचं नव्हे. ज्या हाकेला मूल खरोखर वळतं, ती हाक कोरा. मूल 'चिकू'ला वळत असेल आणि पट्टीवर 'चैतन्य' असेल, तर मदत करणारा उगाच तीनदा हाक मारून थकतो. घरचा पत्ता नको. फोन लागला की पत्ता सांगता येतो.

सहा पाकळ्यांचा तारा आणि त्यात काठीला वेढलेला साप, ही खूण जिथे शक्य असेल तिथे घ्या. ती पाहिली की रुग्णवाहिकेतला माणूस पट्टीला शोभेचं कडं समजून पुढे जात नाही. वैद्यकीय माहिती अंगावर वागवण्याची पद्धत कॅलिफोर्नियातल्या टर्लॉक गावच्या डॉ. मॅरियन कॉलिन्स यांनी १९५६ मध्ये 'मेडिकअलर्ट' ही संस्था सुरू केल्यावर रूढ झाली. त्यांच्या मुलीला धनुर्वातावरच्या अँटिटॉक्सिनची (प्रतिविषाची) कातडीवर चाचणी करतानाच जबरदस्त ॲलर्जी उठली होती, त्यातून हे सुचलं.

फोन नंबर, आणि तो लागेल याची खात्री

दोन नंबर हवेत आणि ते दोन वेगळ्या घरांतले हवेत. आई-बाबा एकाच गाडीत, एकाच बोगद्यात असू शकतात. दुसरा नंबर मावशीचा किंवा काकांचा असू दे. प्रवास करत असाल तर अधिक चिन्ह आणि देशाचा कोड घाला. अंक इंग्रजीत कोरून घ्या, बाकी मजकूर कोणत्याही लिपीत असला तरी. परप्रांतातल्या माणसाला देवनागरी '१' आणि '९' यांत घोटाळा होतो, आणि फोनच्या कीपॅडवरही इंग्रजी अंकच असतात.

आता जी गोष्ट जवळजवळ कुणीच तपासत नाही ती. मूल सापडल्याचा फोन अनोळखी नंबरवरून येतो. तुमच्या फोनवर अनोळखी कॉल गप्प करणारी सोय चालू असेल, किंवा स्पॅम अडवणारं ॲप असेल, तर रिंग वाजतच नाही. ती सोय बंद करा, दुसऱ्या नंबरच्या माणसालाही बंद करायला सांगा. 'डू नॉट डिस्टर्ब' रात्री आपोआप चालू होत असेल तर त्यावरही मार्ग काढा. आणि मूल हरवलंच, तर पट्टीवरच्या नंबरवरून नातेवाइकांना फोन करत बसू नका. तो मोकळा ठेवा, बाकीचे फोन दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवरून.

अक्षरांचं गणित

रोमन अक्षरं २ मिलिमीटर उंचीची असली तरी वाचता येतात. देवनागरीचं तसं नाही. वर वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार. तीन मिलिमीटरच्या ओळीत अक्षराच्या अंगाला जेमतेम निम्मी उंची उरते, आणि कोरताना 'फि'ची वेलांटी शिरोरेषेत विरघळते. ओळीची पूर्ण उंची साडेतीन ते चार मिलिमीटर मागा, सगळीकडे सारख्या जाडीचा साधा टाइप निवडा, आणि जोडाक्षरं जमतील तेवढी टाळा. 'संवाद साधू शकत नाही' यापेक्षा 'बोलत नाही' लहान आहे, आणि स्पष्टही.

मूल जिथे वावरतं तिथली भाषा एका बाजूला, इंग्रजी दुसऱ्या बाजूला, असं वाटून घेतलं की गर्दी होत नाही. मग नाव कुठल्या बाजूला, हा प्रश्न उरतो. पट्ट्याच्या आतल्या अंगावर मार्करनं लिहिलं तरी चालतं, पुसलं की पुन्हा लिहायचं.

छापील मजकुरापेक्षा कोरलेला टिकतो. सिलिकॉनवरची छपाई साबण, घाम आणि चघळणं यांनी काही महिन्यांत उडते. सिलिकॉनच घ्यायचं तर अक्षरं खोदून त्यात रंग भरलेलं घ्या. पोलादावर लेझरनं काळं केलेलं अक्षर चांगलं दिसतं, पण पृष्ठभाग मॅट हवा, चकचकीत पत्र्यावर उन्हात काही दिसत नाही. पट्टी हातात आली की घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला चष्मा काढून, जिन्यातल्या दिव्याखाली वाचायला द्या. नंबर वाचता आला नाही तर पट्टी परत करा.

कुठे बांधायची

मनगट पहिलं. नाडी बघताना हात तिथेच जातो, नजरही. मनगटाच्या हाडाच्या जरा वर दोरा गुंडाळून मोजा आणि त्यात १ सेंटिमीटर मिळवा. पट्ट्याखाली एक बोट सहज जायला हवं. याहून सैल झाला की पट्टा फिरतो, मजकूर कोरलेली पाटी खाली जाते आणि मूल ती दातात धरतं. घट्ट झाला की घाम साचून पुरळ उठतं. पुरळ म्हणजे दर वेळी ॲलर्जी नसते. पट्टा धुऊन, कातडी कोरडी करून, चार दिवस दुसऱ्या हातात घालून बघा. तरीही उठलं तर मात्र निकेल या धातूच्या ॲलर्जीचा संशय घ्या. ३१६एल प्रकारच्या स्टेनलेस पोलादात निकेल असतं, जरी ते फार कमी बाहेर पडत असलं. टायटॅनियम किंवा कापडी पट्टा हा त्यावर उपाय.

मूल पट्टा काढतं म्हणून न निघणारा फासा हवा, असं वाटणं साहजिक आहे. दोन हातांनी दाबल्याशिवाय न उघडणारं बक्कल ठीक आहे. पण पट्टा कात्रीनं कापता आला पाहिजे: हात सुजला, कुठे अडकला किंवा एमआरआयसाठी धातू काढावा लागला तर. वेल्क्रो आणि टिचबटण हाताशी चाळा करणाऱ्या मुलांसाठी निरुपयोगी. फर्रकन उघडण्याचा आवाज हाच त्यांचा खेळ होतो.

गळ्यात काहीही घालायचं तर ओढ बसली की आपोआप सुटणारा सांधा असलाच पाहिजे, आणि झोपताना, घसरगुंडीवर, झाडावर चढताना ते काढायचं. सूर्यफुलांची हिरवी दोरी २०१६ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर सुरू झाली. ती 'न दिसणारं अपंगत्व' एवढंच सांगते, मूल कुणाचं ते नाही. विमानतळावर उपयोगी, पट्टीला पर्याय नाही.

मनगटाला काहीच चालत नसेल तर घोटा; मोज्याच्या वर इलॅस्टिकचा पट्टा बऱ्याच मुलांना चालतो. बुटाच्या लेसमधून ओवलेली चपटी पाटी हा तिसरा मार्ग. खालच्या दोन ओळींतून ओवा, म्हणजे लेस सुटली तरी ती पडत नाही. पण पळून जाणारी पुष्कळ मुलं अनवाणी सापडतात, तेव्हा बुटावर एकट्यावर भिस्त नको.

कपड्यांना इस्त्रीनं चिकटणारी लेबलं मानेमागे लावली जातात आणि तिथेच ती टोचतात. शर्टाच्या पुढच्या खालच्या दुमडीच्या आतून लावा. टोचत नाही आणि शर्ट उचलला की दिसतं. पॉलिएस्टरचा खेळाचा टी-शर्ट गरम इस्त्रीला वितळतो, तिथे शिवून टाका. जत्रा, लग्न, समुद्रकिनारा अशा एका दिवसासाठी नंबर छापलेला तात्पुरता टॅटू उत्तम. कातडी तेल, क्रीम, सनस्क्रीन यांपासून स्वच्छ हवी, नाहीतर तो तासाभरात सोलतो. खरचटलेल्या जागी लावू नका. दंडाच्या बाहेरच्या बाजूला लावा, तिथे मुलाचं लक्ष कमी जातं आणि दुसऱ्याचं जास्त.

सवय लावणं

इथेच सगळी मेहनत आहे, आणि पट्टी आल्याच्या दिवशीच ती मनगटावर आवळणं ही सर्वांत महागात पडणारी घाई.

आधी पट्टीचा त्रास कमी करा. नव्या सिलिकॉनला वास येतो: साबणानं धुवा, दोन दिवस उघडी ठेवा. साखळीची किणकिण होत असेल तर कापडी पट्टा घ्या. पाटीची कड बोटानं चाचपा; तुम्हाला जरा खरखरीत वाटली तर मुलाला ती करवतीसारखी लागेल. रंग मुलाला निवडू द्या, पण दोनच पर्यायांतून.

मग पाटीशिवाय नुसता पट्टा, बाहीच्या वरून, तीन सेकंद. लगेच मुलाची आवडती गोष्ट. दिवसातून चार-पाच वेळा. रडणं नाही, ओढणं नाही असं सलग दोन दिवस झालं की दहा सेकंद, मग अर्धा मिनिट, दोन मिनिटं, एका आवडत्या गाण्याएवढा वेळ. त्यानंतर बाही वर, पट्टा कातडीवर, आणि वेळ पुन्हा तीन सेकंदांपासून. मागे आल्यासारखं वाटतं, पण कातडीचा स्पर्श ही मुलासाठी नवीच गोष्ट असते. सर्वांत शेवटी पाटी.

काढायची कधी, हे घालण्याइतकंच महत्त्वाचं. मूल किंचाळल्यावर पट्टी काढली तर किंचाळलं की निघते हे ते एका दिवसात शिकतं. म्हणून वेळ इतका कमी ठेवा की रडण्याआधीच तुम्ही ती काढाल: "तीन, दोन, एक, झालं." चुकून वेळ लांबलाच आणि रडू फुटलं, तर एक श्वास शांत होण्याची वाट बघा आणि त्या क्षणी काढा. दुसऱ्या दिवशी वेळ निम्मा.

चित्रांचं वेळापत्रक वापरत असाल तर दात घासणं आणि बूट घालणं यांच्या मधे पट्टीचं चित्र टाका. कुणी चार दिवसांत रुळतं, कुणाला चार महिने लागतात. तोवर टॅटू आणि बुटाची पाटी आहेच.

पट्टी अंगावर राहू लागली की ती दाखवायला शिकवा. दोन मोठी माणसं हवीत. एक समोरून विचारतो, "नाव काय?" दुसरा मागे उभा राहून, एक अक्षर न बोलता, मुलाचं मनगट धरून पुढे करतो. समोरचा पाटी वाचतो, खूश होतो, बक्षीस देतो. काही दिवसांनी मागचा माणूस मनगटाऐवजी कोपराला हात लावतो, मग खांद्याला, मग नुसता उभा राहतो. मागच्यानं "दाखव" म्हणायचं नाही, नाहीतर मूल त्या शब्दाचीच वाट बघायला शिकतं. पुढे माणसं बदला, जागा बदला, गणवेशातला एखादा सुरक्षारक्षक तयार असेल तर त्यालाही विचारायला लावा. फक्त आईला पट्टी दाखवता येणं काही कामाचं नाही.

क्यूआर, एनएफसी आणि ट्रॅकर

क्यूआर कोड जास्तीची माहिती द्यायला चांगला, पण नंबर शेजारी अक्षरांत कोरलेला हवाच. कोड दोन प्रकारे करता येतो. एकात थेट फोन नंबर असतो: नेटची गरज नाही, कोड लहान राहतो, सुमारे १५ मिलिमीटरच्या चौकोनात मावतो. दुसऱ्यात वेबपानाची लिंक असते: माहिती बदलता येते, पण वर्गणी संपली की पान बंद. लिंक घ्यायचीच तर वर्गणीची तारीख कॅलेंडरमध्ये नोंदवा. कोड बनवताना दुरुस्तीची (एरर करेक्शनची) पातळी 'क्यू' ठेवा, म्हणजे साधारण २५ टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो. कोडाभोवती त्यातल्याच चार बारीक चौकोनांएवढी रिकामी जागा सोडायची असते. सुंदर दिसावी म्हणून तिथे किनार काढली की कॅमेरा अडखळतो. लहान मनगटावर पाटी वाकवली तर कोडही वाकतो, तेव्हा तो पाटीच्या सपाट भागातच हवा.

एनएफसी चिप मोबाइल अगदी जवळ, दोन-तीन सेंटिमीटरवर आणला तर वाचली जाते. एनटॅग२१३ चिपमध्ये १४४ बाइट मावतात, एका नंबराला किंवा लिंकला पुरेसे. धातूच्या पाटीवर साधी चिप चिकटवली तर ती चालत नाही. फेराइटचा थर असलेली, खास धातूसाठीची घ्या. लिहून झाल्यावर पासवर्ड लावा, म्हणजे दुसरं कुणी मजकूर बदलणार नाही आणि तुम्हाला बदलता येईल. कायमचं लॉक केलं तर नंबर बदलल्यावर चिप फेकावी लागते.

ब्लूटूथ ट्रॅकर आसपासच्या लोकांच्या फोनवर चालतो. मोकळ्या माळावर तो मुका. ॲपलनंही आपला एअरटॅग हा ट्रॅकर वस्तूंसाठी असल्याचं सांगितलं आहे, माणसांसाठी नव्हे. जीपीएस घड्याळ स्वतःचं सिम वापरतं, पण ते रोज चार्ज करावं लागतं आणि पाण्यात काय होईल ते घड्याळावर अवलंबून. सर्वांत मोठा धोका सेलचा. सीआर२०३२ हा २० मिलिमीटरचा चपटा सेल गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजू शकतो. काहीही तोंडात घालणाऱ्या मुलाच्या अंगावर स्क्रूनं बंद होणारं झाकण नसलेलं कोणतंही सेलवालं साधन नको. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी तडक रुग्णालयात.

महिन्यातून एकदा

दोन्ही नंबरांवर दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून रिंग करून बघा, पाटीवरून वाचून, पाठ म्हणून नव्हे. कोड स्कॅन करा. मनगट मोजा. पट्ट्याखालची कातडी, बक्कलाची कडी, पाटीचे रिव्हेट बघा. मुलाचा ताजा फोटो, उंची, वजन, घातलेल्या कपड्यांचा फोटो, जवळचं पाणी कुठे कुठे आहे आणि मुलाला कशाची ओढ आहे, हे एका पानावर लिहून फोनमध्ये ठेवा. शोध घेणाऱ्यांना तेच पान पाठवता येतं. शोध सुरू करताना पाणी आधी.

आणि रुळलेली पट्टी सापडली की त्याच वेळी तशाच आणखी दोन घ्या, एक याच मापाची आणि एक पुढच्या मापाची. उत्पादक रंग बदलतात, बक्कल बदलतात, आणि मग तीन सेकंदांपासून पुन्हा सुरुवात करावी लागते.